व्याख्यान नको, बाक हवा

देवगाव फाट्यावर कुणी घाईत नसतं. कुणी सेलूच्या गाडीची वाट बघतं, कुणी जिंतूरच्या, कुणी जालन्याच्या. गाडी यायची तेव्हा येते. तोवर चहा होतो, भज्याची प्लेट होते, कापसाचा भाव निघतो, कुणाचं पोरगं पोलीस भरतीत ग्राउंडला बाद झालं आणि कुणाची सोयरीक कुठं मोडली हेही निघतं. गावात निरोप पोचायच्या आधी फाट्यावर बातमी असते. पण एवढ्या बोलघेवड्या जागेवर एका प्रश्नाचं उत्तर खरं मिळत नाही.

"काय चाललंय?"

"निवांत."

तुम्हीही हेच उत्तर देता. सगळेच देतात.

आपल्याकडं 'नैराश्य' हा शब्द पुस्तकात असतो, पेपरात असतो, घरात नसतो. घरात 'जीव रमंना', 'काही सुधरंना', 'लई इचार येतात' एवढंच असतं. आई म्हणते अंग दुखतंय. आजोबा म्हणतात जेवण जात नाही. मग डॉक्टरकडं नेतात, सलाईन लावतात, दोन दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच सुरू. आजाराला नाव नाही म्हणून आजारच नाही, असा आपला हिशेब.

तरुणांमध्ये तर तो आणखी लपून राहतो. पुण्यात तीन-चार वर्षं एमपीएससी करून परत आलेला एखादा दादा तुमच्याही गावात असेल. आल्यावर काही दिवस तो फाट्यावर येतो. मग "निकालाचं काय झालं रे?" या प्रश्नाला कंटाळून येणं बंद करतो. मग क्रिकेटला येत नाही. मग व्हॉट्सॲपवर त्याचं लास्ट सीन रात्री तीनचं दिसायला लागतं. आणि आपण काय म्हणतो? लई भाव खायला लागलाय. कुणाच्याही डोक्यात येत नाही की हा माणूस आजारी असू शकतो.

जगभरचे डॉक्टर प्राथमिक तपासणीसाठी जी प्रश्नावली वापरतात, तिचे पहिले दोन प्रश्न अगदी साधे आहेत. गेल्या दोन आठवड्यांत कशातच रस वाटत नाही, असं किती दिवस झालं? आणि उदास, निराश, आशाच नाही, असं किती दिवस वाटलं? बहुतेक दिवस तसंच जात असतील, झोप-भूक बिघडली असेल, अंगात त्राण नसेल, आपण कुचकामी आहोत असं सारखं वाटत असेल, तर तो नुसता 'मूड' नाही. पेपर अवघड गेला म्हणून दोन दिवस तोंड पाडणं वेगळं आणि हे वेगळं.

आता आपली कॉलेजं यावर काय करतात? १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिन येतो. दीपप्रज्वलन होतं, पाहुण्यांचा परिचय होतो, शाल-श्रीफळ होतं. पाहुणे सांगतात, सकारात्मक विचार करा, मोबाईल कमी वापरा, योगा करा. मागच्या बाकावरची पोरं मोबाईल बघत टाळ्या वाजवतात. आभार प्रदर्शन, फोटो, दुसऱ्या दिवशी बातमी. (ती बातमी कधी कधी आमच्यासारख्यांनाच टाईप करावी लागते, म्हणून पाठ झालीय.) सकारात्मक विचार करता येत नाही हाच तर आजार. ज्याची विहीर आटलीय त्याला पाणी जपून वापरा म्हणून सांगण्यासारखं आहे हे.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या भागात नैराश्यावर पहिला इलाज व्याख्यानाने होणार नाही, आणि नुसती डॉक्टरची वाट बघूनही होणार नाही. ऐकून घेणारं माणूस आणि त्या माणसाने धरलेला हात, या दोन गोष्टी गावातच उभ्या कराव्या लागतील. आणि ते काम करायला सगळ्यात मोकळे हात आपले आहेत, कॉलेजच्या पोरापोरींचे.

हे मी हवेत बोलत नाही. विदर्भात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. तिथली परिस्थिती आपल्याहून वेगळी नाही. तोच कापूस, तेच सोयाबीन, तीच पावसाची लपाछपी, तीच कर्जं. कार्यक्रमाच्या इंग्रजी नावात आजार हा शब्दच नव्हता, ताण आणि आरोग्य हे दोनच शब्द होते. मला यातच अर्धी अक्कल दिसते. "तुम्हाला मानसिक आजार आहे का?" म्हटलं की दार बंद होतं. "लई टेन्शन आहे का?" म्हटलं की चहा येतो.

गावातल्याच माणसांना शिकवून तयार केलं गेलं. ते छोट्या छोट्या बैठका घेत, ताणाबद्दल बोलत, कोण खचलंय ते ओळखून आधी धीर देत. त्यांच्या वर समुपदेशनाचं प्रशिक्षण घेतलेले कार्यकर्ते होते. तेही डॉक्टर नव्हते. आणि ज्यांना खरंच औषधाची गरज होती त्यांच्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ होते. म्हणजे उतरंड उलटी होती. आपल्याकडं तज्ज्ञ पहिला आणि तोही परभणीला किंवा संभाजीनगरला, तिथं तो शेवटचा होता.

निकाल डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिॲट्री' या नियतकालिकात मांडला. कार्यक्रमाआधी नैराश्य असलेल्या १०० माणसांपैकी जेमतेम ४ जण कुणाची तरी मदत घेत होते, नेमकं सांगायचं तर ४.३ टक्के. दीड वर्षाच्या कामानंतर हा आकडा २७.२ टक्क्यांवर गेला. नैराश्याचं प्रमाण १४.६ वरून ११.३ टक्क्यांवर आलं आणि वर्षभरात जीव द्यावासा वाटला असं सांगणाऱ्यांचं प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर. हे आकडे आधी आणि नंतर अशा दोन पाहण्यांचे आहेत, त्यामुळे सगळं श्रेय कार्यक्रमालाच द्यायचं का, यावर वाद घालता येईल. पण चारावरून सत्तावीसवर माणसं मदत मागायला आली, हे पाऊस चांगला झाला म्हणून होत नाही.

आता तुम्ही म्हणाल, नुसतं बोलून आजार बरा होतो होय? नुसतं बोलून नाही. गोव्यातल्या 'संगात' या संस्थेने तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक पद्धत तपासली. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी मध्यम ते तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ वेळा भेटायचं. भेटीत उपदेश नाही. माणसाने काय काय करणं सोडून दिलंय ते बघायचं आणि त्यातली एकेक छोटी गोष्ट पुन्हा सुरू करायला लावायची. सकाळी शेताच्या बांधापर्यंत चालणं, बहिणीला फोन, बंद पडलेली भजनाची संध्याकाळ. तीन महिन्यांनी ही भेट मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. हाही अभ्यास २०१७ चाच आणि इथं दोन गट पाडून तुलना केलेली होती.

झिम्बाब्वेत तर याच्याही आधी, २००६ मध्ये, डॉ. डिक्सन चिबांडा या मानसोपचारतज्ज्ञाने हरारेमधल्या १४ आज्यांना शिकवलं. देशात मानसोपचारतज्ज्ञ बोटावर मोजण्याइतके. दवाखान्याच्या बाहेर लाकडी बाक टाकले आणि त्यावर आज्या बसल्या. ज्याला बोलायचंय त्याने शेजारी बसायचं. मैत्रीचा बाक म्हणतात त्याला. तिथल्या शोना भाषेतही डिप्रेशनला रोजच्या बोलण्यातला शब्द नव्हता. लोक 'कुफुंगिसिसा' म्हणायचे. अर्थ? लई इचार करणं. वाचलं तेव्हा मला वाटलं, हरारे आपल्या जिंतूरच्या पुढंच कुठंतरी असणार.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो आपल्याच नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यातला प्रयोग. 'आत्मीयता' त्याचं नाव, २०१३ ते २०१५ या काळात ४१ गावांत झाला. तिथंही गावातलेच स्वयंसेवक होते. पण त्यांच्या कामात एक गोष्ट जास्तीची होती. खचलेल्या माणसाला ऐकून घ्यायचं आणि त्याचं पेन्शन, रोजगार हमीचं काम, सरकारी योजना कुठं अडकलीय तेही बघायचं. समुपदेशन आणि कागदपत्रं एकाच माणसाकडं.

हे ऐकायला किरकोळ वाटेल. पण जरा आपल्या गल्लीत बघा. नवरा गेलेल्या बाईचा संजय गांधी निराधारचा अर्ज उत्पन्नाच्या दाखल्यावाचून पडून आहे. ती रात्री झोपत नाही. तिला तुम्ही श्वासाचे व्यायाम शिकवणार? पीकविम्याचे पैसे आले नाहीत, सावकाराचा माणूस दारात येऊन गेला, पोरीची फी भरायचीय, म्हणून जो माणूस गप्प झालाय, त्याच्या डोक्यातला आजार आणि दारातला प्रश्न वेगळे करताच येत नाहीत. दाखला काढून दिल्याने नैराश्य बरं होईल असं मी म्हणत नाही. पण तहसीलच्या चार चकरा कुणीतरी आपल्यासोबत मारतंय, ही गोष्टच त्या माणसाला कित्येक महिन्यांत पहिल्यांदा घडलेली असते.

आपली व्यवस्था मात्र नेमकी उलट्या टोकाला जागी होते. शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. २००६ पासून तेवढेच. त्यासाठीही जिल्हाधिकाऱ्यांची समिती बसते आणि प्रकरण 'पात्र' की 'अपात्र' ठरवते. जमीन नावावर होती का, कर्ज कुठल्या बँकेचं होतं, ही सगळी विचारपूस माणूस गेल्यावर. तो असताना कुणी विचारलं नाही.

अगदीच कुणी नाही असंही नाही. आरोग्य विभागाचा 'प्रेरणा प्रकल्प' २०१५ मध्ये मराठवाडा आणि विदर्भातल्या १४ जिल्ह्यांत सुरू झाला, परभणी त्यात आहे. आशाताईंनी घरोघर जाऊन विचारायचं, कुणी ताणात दिसलं तर पुढं पाठवायचं, असं ते काम. कल्पना उत्तम. पण आशाताईंचा दिवस बघितलाय का कधी? गरोदर बायका, लसीकरण, क्षयरोगाचे सर्व्हे, कुष्ठरोगाचे सर्व्हे, ऑनलाइन माहिती भरणं, आणि त्यात आता मनाचाही फॉर्म. मानधन वेळेवर मिळावं म्हणून त्यांनाच मोर्चे काढावे लागतात. एका घरात अर्धा तास बसून गप्प माणसाला बोलतं करायला त्यांच्याकडं वेळ उरतो कुठं?

वेळ आपल्याकडं आहे. राष्ट्रीय सेवा योजनेत, म्हणजे एनएसएसमध्ये नाव घातलेल्या प्रत्येकाला वर्षाला १२० तास काम करायचं असतं. शिवाय दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर. या तासांत आपण काय करतो हे तुम्हाला माहितीय. मंदिराचा परिसर झाडतो, शोषखड्डा खणतो, गेल्या वर्षीच्या खड्ड्यात यंदाचं झाड लावतो, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम. मजा येते, नाही म्हणत नाही. पण शिबिर संपल्यावर गावात आपलं काय उरतं? बॅनर. तोही नंतर कुणाच्या तरी गोठ्यावर.

यातले निम्मे तास, वर्षाला ६०, ऐकण्याला द्या. सेलू, जिंतूर, परभणी, कुठल्याही कॉलेजच्या एका युनिटने दहा-पंधरा जण निवडायचे. जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य विभागाकडून प्रशिक्षण मागायचं. ऐकायचं कसं, काय बोलायचं नाही, कुणाला लगेच डॉक्टरकडं न्यायचं, एवढं तरी. मग दत्तक गावात वर्षभर, आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या जागी दोघांनी बसायचं. गावच्या आशाताईंना विचारून, त्यांच्या सोबतीने. दर आठवड्याला तेच चेहरे गेले पाहिजेत, कारण पहिल्या भेटीत कुणी काही सांगत नाही. पहिल्या भेटीत आधार कार्डाचं काम निघतं. चौथ्या भेटीत खरं बोलणं निघतं.

याला एक आक्षेप घेतला जाईल आणि तो मला खरंच पटतो. गावात कान कमी नाहीत, तोंडं जास्त आहेत. आज एका पोराला सांगितलं, उद्या पारावर चर्चा. घरातलं चव्हाट्यावर नको, म्हणूनच तर लोक 'निवांत' म्हणतात. शिवाय 'त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय' असं एकदा बोललं गेलं की त्याच्या बहिणीच्या लग्नापर्यंत ते जातं. त्यामुळे ऐकलेलं घरी न सांगणं, मित्राला न सांगणं, ग्रुपवर न टाकणं ही पहिली अट आणि ज्याला ती जमणार नाही त्याने शोषखड्डाच खणावा. फोटो तर अजिबात नाही, अहवालासाठीसुद्धा नाही.

आणि म्हणूनच मला फाटा महत्त्वाचा वाटतो. फाटा कुणाच्याच गावाचा नसतो. तिथं उभं राहिलं तर कुणी विचारत नाही का उभा आहेस, गाडीची वाट बघतोय हे उत्तर तयार असतं. स्वतःच्या गावातल्या पारावर जे बोलता येत नाही ते फाट्यावरच्या बाकावर, शेजारच्या गावच्या ओळखीपाळखीच्या माणसाशी बोलता येईल. देवगाव फाट्यासारख्या जागी आठवड्याच्या एका ठरलेल्या दुपारी दोन प्रशिक्षित पोरं बसली, तर त्याला इमारत लागत नाही, उद्घाटनही लागत नाही.

फक्त एक गोष्ट. फाटा पोरांचा आहे, पोरींचा नाही. पोरी तिथं गाडीपुरत्या उभ्या राहतात, मैत्रिणीच्या घोळक्यात, आणि गाडी आली की सुटल्यासारख्या चढतात. त्यांच्यासाठी आणि घरातल्या बायांसाठी जागा वेगळी शोधावी लागेल. बचत गटाची बैठक, अंगणवाडी, कॉलेजची लेडीज रूम. आणि ऐकणारीही बाईच हवी. लग्न ठरल्यामुळे शिक्षण सुटणारी मुलगी तिचं दुःख एनएसएसच्या टोपीतल्या मुलाला सांगणार नाही.

आपण डॉक्टर नाही, हेही पक्कं डोक्यात ठेवायला हवं. गोळ्या बंद कर असं सांगायचा अधिकार आपल्याला नाही, आणि 'औषधाने माणूस वेडा होतो' हे तर बोलायचंच नाही. निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात नैराश्य, चिंता अशा नेहमी आढळणाऱ्या मानसिक आजारांच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचत नसल्याचं दिसलं होतं. बाक हा त्या उपचारापर्यंत जायचा रस्ता आहे, उपचाराची जागा घेणारा नाही.

कुणी "मी नसलो तर सगळ्यांना बरं होईल" असं बोललं, तर हसण्यावारी नेऊ नका आणि घाबरून विषयही बदलू नका. सरळ विचारा, जीव द्यायचा विचार येतोय का? विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा गैरसमज आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. त्याला एकटं सोडू नका, घरातल्या एका भरवशाच्या माणसाला कळवा आणि १४४१६ लावा. टेलिमानसचा हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. धोका समोरच दिसत असेल तर ११२ लावा किंवा थेट रुग्णालय गाठा. पोलीस केस होईल म्हणून लोक लपवतात, पण २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या ११५ व्या कलमाने ही भीती बरीचशी काढून टाकलीय. असा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरूनच कायदा चालतो आणि त्याच्यावर उपचार करणं हे सरकारचं काम आहे.

राहिलं कॉलेजचं. सुप्रीम कोर्टाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी मार्गदर्शक सूचना दिल्यात. १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा. तुमच्या कॉलेजात तो कोण आहे, कुठल्या खोलीत बसतो, कुठल्या वारी भेटतो, हे ऑफिसात जाऊन विचारा. "मानसशास्त्राचे सर आहेत ना" हे उत्तर घेऊन परत येऊ नका. ते शिकवतात, ते त्यांचं काम आहे. समुपदेशकाचं नाव आणि वेळ मुख्य इमारतीच्या नोटीस बोर्डवर लागली पाहिजे, ती लागेपर्यंत विचारत राहा.

आणि हिवाळी शिबिराच्या नियोजनाची मीटिंग लागली की मागं बसू नका. कार्यक्रम अधिकारी सर श्रमदानाची यादी वाचायला लागतील. ती संपली की उभं राहून विचारा, सर, शिबिर संपल्यावर त्या गावात पुढच्या आठवड्यात कोण जाणार आहे? आणि आपलं नाव सांगा.